'पर्यंत'चे इंग्रजी करताना : 'अनटिल' अचूक वापरण्याची पद्धत

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागणाऱ्या माणसाला जे शब्द वर्षानुवर्षे अडवतात, त्यांत 'अनटिल' आणि त्याचाच सोबती 'टिल' यांचा क्रमांक बराच वरचा आहे. शब्द दिसायला अवघड नाही. शाळेत तो लवकर भेटतो, वहीत त्याच्यासमोर 'पर्यंत' असा अर्थ लिहिला जातो आणि विषय संपतो. अडचण तिथेच सुरू होते. मराठीतले 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय एकटे जी कामे करते, ती इंग्रजीत निदान सहा वेगवेगळ्या शब्दांत वाटली गेली आहेत, आणि 'अनटिल' त्यांपैकी फक्त एका कामाचा धनी आहे.

कार्यालयातील इंग्रजी पत्रे आणि ईमेल तपासण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे. या शब्दाच्या चुका पुन्हा पुन्हा त्याच ठरावीक जागी होतात, असे मला दिसते. चुकांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे त्या टाळण्याची रीतही ठरवता येते, आणि समाधानाची गोष्ट अशी की ती रीत मराठीतूनच सापडते. इंग्रजी वाक्य लिहायला घेण्यापूर्वी मनातले मराठी वाक्य थोडे फिरवून पाहिले, तर कोणता शब्द हवा हे बहुतेक वेळा मराठीच सांगते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

हाताशी काय ठेवावे

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक अर्थासोबत पूर्ण वाक्ये दिलेली असतात. इंग्रजी-मराठी शब्दकोश येथे पुरत नाही, कारण तो 'अनटिल', 'टिल' आणि 'अप टू' या तिन्हींसमोर 'पर्यंत' हाच शब्द देतो.
- दोन रकान्यांची एक वही. डावीकडे मराठी वाक्य लिहावे, उजवीकडे तपासून घेतलेले इंग्रजी वाक्य.
- तुम्ही स्वतः पाठवलेले ईमेल. पाठवलेल्या पत्रांच्या फोल्डरमध्ये 'टिल' हा शब्द शोधला की सरावासाठी तुमचीच वाक्ये मिळतात. पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा ती अधिक उपयोगी असतात, कारण तुम्हाला रोज लागणारी वाक्ये तीच असतात.

१. आधी मुख्य क्रियापद पाहा : काम चालू राहणार की एकदाच होणार?

एखाद्या जाहिरातीत पुढील दोन वाक्ये एकाखाली एक असतात, अशी कल्पना करा. 'अर्ज ३१ मार्चपर्यंत स्वीकारले जातील.' 'उमेदवारांनी अर्ज ३१ मार्चपर्यंत सादर करावेत.' तारीख एकच आहे, अव्ययही एकच आहे. इंग्रजीत मात्र पहिले वाक्य 'ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड अनटिल ३१ मार्च' असे होते आणि दुसरे 'कँडिडेट्स शुड सबमिट देअर ॲप्लिकेशन्स बाय ३१ मार्च' असे होते.

फरक क्रियापदात आहे. कार्यालयाचे स्वीकारण्याचे काम रोज चालू राहणार आहे आणि त्या तारखेला थांबणार आहे. चालू राहून थांबणाऱ्या कामासाठी 'अनटिल' वापरतात. उमेदवार मात्र अर्ज एकदाच देणार आहे, आणि ते देणे त्या तारखेला किंवा तिच्याआधी केव्हाही झाले तरी चालणार आहे. मुदतीच्या आत एकदाच उरकणाऱ्या कामासाठी 'बाय' वापरतात.

ओळखण्याची खूण अशी. मराठी वाक्यात 'पर्यंत'नंतर 'सतत' किंवा 'चालूच' हा शब्द घालून पाहा. 'मी पाच वाजेपर्यंत सतत येथे थांबेन' हे वाक्य चालते, म्हणून 'आय विल वेट हिअर अनटिल फाइव्ह.' 'मी पाच वाजेपर्यंत सतत अहवाल पाठवेन' हे वाक्य तुमच्या मनातले नसते. तुम्हाला 'पाचच्या आत पाठवेन' असे म्हणायचे असते. 'च्या आत' बसले की 'बाय' निश्चित : 'आय विल सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह.'

थांबणे, बसणे, राहणे, वाट पाहणे, काम करणे, उघडे असणे, वैध असणे, रजेवर असणे या क्रिया 'अनटिल'कडे जातात. देणे, पाठवणे, पोचणे, भरणे, संपवणे, कळवणे, परत करणे या क्रिया 'बाय'कडे जातात. 'आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे' हे वाक्य आपल्याकडील कार्यालयांत सर्रास लिहिले जाते, आणि मराठी किंवा हिंदी जाणणारा वाचक ते समजूनही घेतो. परंतु हे वाक्य मँचेस्टरच्या किंवा सिंगापूरच्या ग्राहकाकडे गेले, तर त्याचा शब्दशः अर्थ 'शुक्रवार उजाडेपर्यंत मी अहवाल देतच राहीन' असा होतो. मुदतीच्या बाबतीत असा घोळ परवडत नाही.

'बाय फ्रायडे' म्हटले की शुक्रवार त्यात येतो. 'बिफोर फ्रायडे' म्हटले की गुरुवारी काम संपायला हवे. ज्या पत्रावर पैसे किंवा दंड अवलंबून आहे, त्यात नुसता वार न लिहिता 'बाय फाइव्ह पी. एम. ऑन फ्रायडे' अशी वेळही लिहावी. पलीकडचे कार्यालय दुसऱ्या देशात असेल, तर ही वेळ कोणत्या देशाची हेही त्याच वाक्यात सांगावे.

२. 'जोपर्यंत… नाही, तोपर्यंत' यातला 'नाही' इंग्रजीत नेऊ नका

ही सर्वांत मोठी अडचण आहे. 'जोपर्यंत साहेब येत नाहीत, तोपर्यंत मी थांबेन' हे उत्तम मराठी आहे. त्याचे शब्दाला शब्द ठेवून 'अनटिल सर डझन्ट कम, आय विल वेट' असे इंग्रजी केले जाते आणि ते चुकते. 'अनटिल' या शब्दातच 'ती गोष्ट घडलेली नसतानाचा काळ' हा अर्थ आहे, त्यामुळे त्याच्या पाठोपाठ पुन्हा नकार आला की अर्थ उलटा फिरतो. योग्य वाक्य 'आय विल वेट अनटिल सर कम्स' असे आहे.

नियम पाठ करूनही ही चूक जात नाही, कारण घाईत लिहिताना मनातले मराठी वाक्यच हातातून उतरते. म्हणून दुरुस्ती मराठीतच करावी. मराठीत हाच आशय सांगण्याची दुसरी, अधिक आटोपशीर रचना आहे : 'साहेब येईपर्यंत मी थांबेन.' येथे 'नाही' आपोआप गळून पडला आहे. 'जोपर्यंत… नाही, तोपर्यंत' असे वाक्य मनात आले की ते प्रथम 'ईपर्यंत'च्या साच्यात बसवा आणि मगच इंग्रजी करा. 'जोपर्यंत बिल मंजूर होत नाही, तोपर्यंत माल सोडू नका' याचे 'बिल मंजूर होईपर्यंत माल सोडू नका' असे करा, आणि मग 'डू नॉट रिलीज द गुड्स अनटिल द बिल इज ॲप्रूव्हड' असे लिहा. येथे 'नॉट' आहे, पण तो मुख्य वाक्यात, माल सोडण्याच्या क्रियेला लागलेला आहे. बिल मंजूर होण्याच्या भागात नकार नाही.

दोन प्रसिद्ध इंग्रजी वाक्ये या जागी कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले न्यायालयीन तत्त्व : 'इनोसंट अनटिल प्रूव्हन गिल्टी.' आपण मराठीत 'जोपर्यंत गुन्हा सिद्ध होत नाही, तोपर्यंत आरोपी निर्दोष' असे म्हणतो, पण इंग्रजीत 'नॉट प्रूव्हन' असे नाही. दुसरे, कठोपनिषदातील 'उत्तिष्ठत जाग्रत' या मंत्राच्या आधारे स्वामी विवेकानंदांनी दिलेली आणि आपल्याकडील असंख्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेली हाक : 'अराइज, अवेक अँड स्टॉप नॉट टिल द गोल इज रीच्ड.' मराठीत 'ध्येय गाठले जात नाही तोपर्यंत थांबू नका' असे सहज म्हटले जाते. इंग्रजीत थांबण्याला नकार आहे, ध्येय गाठण्याला नाही. वाक्य लिहून झाल्यावर शंका आली, तर ते या दोहोंपैकी एकाच्या शेजारी ठेवून पाहावे.

३. 'असेपर्यंत' म्हणजे 'अनटिल' नव्हे

'दादा येईपर्यंत मी येथे आहे' आणि 'दादा असेपर्यंत मी येथे आहे' ही वाक्ये कानाला जवळची वाटतात. पहिल्यात दादा अजून आलेला नाही आणि तो आल्यावर मी निघणार. दुसऱ्यात दादा येथेच आहे आणि तो गेल्यावर मी निघणार. इंग्रजीत पहिले 'अनटिल दादा कम्स' आहे. दुसरे 'ॲज लाँग ॲज दादा इज हिअर' असे होते.

याची कसोटीही मराठीतच आहे. वाक्य 'तोवर' घालून उलगडून पाहा. 'दादा येत नाही तोवर' असे उलगडले, म्हणजे 'नाही' आला, तर 'अनटिल'. 'दादा आहे तोवर' असे उलगडले, म्हणजे 'आहे' आला, तर 'ॲज लाँग ॲज'. 'जिवंत असेपर्यंत', 'पैसे असेपर्यंत', 'करार चालू असेपर्यंत' ही सारी दुसऱ्या गटातली आहेत. 'अनटिल द काँट्रॅक्ट इज इन फोर्स' असे लिहिले, तर करार लागू होण्याआधीच्या काळाबद्दल आपण बोलत आहोत असा समज होतो, आणि करारपत्रात हा फरक लहान नाही.

'ॲज लाँग ॲज' या शब्दप्रयोगाला अटीचाही अर्थ आहे. 'यू कॅन स्टे ॲज लाँग ॲज यू पे द रेंट' म्हणजे भाडे देत असाल तर आणि तोवर राहा. तो अर्थ नको असेल, तेथे 'व्हाइल' हा शब्द अनेकदा निर्धोक ठरतो.

४. 'आल्याशिवाय' आणि 'नॉट अनटिल'

'आई आल्याशिवाय मी जेवणार नाही.' या वाक्यात 'पर्यंत' कोठेच नाही, म्हणून 'अनटिल' आठवत नाही आणि 'शिवाय'ला धरून 'विदाउट मदर कम्स' असे काहीतरी लिहिले जाते. 'विदाउट'नंतर असे पूर्ण उपवाक्य येत नाही. मराठीतील '-ल्याशिवाय… नाही' ही रचना दिसली की इंग्रजीत 'नॉट… अनटिल' हीच जोडी शोधावी : 'आय विल नॉट ईट अनटिल मदर कम्स.' 'पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका' म्हणजे 'डू नॉट पे अनटिल यू गेट द रिसीट.'

या जोडीचा अर्थ लावताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. 'द ऑफिस डझ नॉट ओपन अनटिल टेन' म्हणजे कार्यालय दहाला उघडते. 'नॉट अनटिल' वाक्य वरवर नकारार्थी असले, तरी ती गोष्ट त्या क्षणी घडते असे ते सुचवते. यामुळे मराठीतील एक साधे वाक्य इंग्रजीत दोन वाटांनी जाते. 'पैसे शुक्रवारपर्यंत आले नाहीत' याचा एक अर्थ असा की शुक्रवार उलटला तरी पैसे आलेले नाहीत. त्यासाठी 'द पेमेंट हॅड नॉट अराइव्हड बाय फ्रायडे' असे लिहावे. 'द पेमेंट डिड नॉट अराइव्ह अनटिल फ्रायडे' असे लिहिले, तर वाचणारा 'म्हणजे शुक्रवारी मिळाले' असा अर्थ घेतो. थकीत रकमेबद्दलच्या पत्रात हे दुसरे वाक्य गेले, तर समोरचा लेखापाल पैसे मिळाल्याचे समजून प्रकरण बंद करू शकतो. वसुलीची पत्रे लिहिणाऱ्यांनी ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

याच ठिकाणी 'अनलेस'ही घुसतो. 'अनलेस' अटीसाठी आहे, 'अनटिल' वेळेसाठी. 'आय विल नॉट गो अनटिल ही कॉल्स' यात तो बोलावणार हे गृहीत आहे, प्रश्न केव्हा एवढाच आहे. 'आय विल नॉट गो अनलेस ही कॉल्स' यात तो बोलावेल की नाही हेच ठरलेले नाही. मराठीत दोन्हींना 'त्याने बोलावल्याशिवाय मी जाणार नाही' हे एकच वाक्य पुरते, म्हणून निवड करताना स्वतःला विचारावे : प्रश्न 'केव्हा'चा आहे की 'झाले तर'चा?

आपल्याकडे भाषणांत आणि पत्रांत 'अनटिल अँड अनलेस' असे जोडूनच बोलण्याची सवय आहे. कायद्याच्या मसुद्यांत 'अनलेस अँड अनटिल' ही जोडी आढळते, कारण तेथे अट आणि वेळ अशा दोन्ही गोष्टी एकत्र बांधायच्या असतात. रोजच्या पत्रात दोहोंपैकी जो नेमका हवा तो एकच शब्द लिहिला की वाक्य स्वच्छ होते.

५. काळ सांभाळा

'येईपर्यंत', 'होईपर्यंत' या मराठी रूपांना स्वतःचा काळ नसतो. 'साहेब येईपर्यंत मी थांबलो' आणि 'साहेब येईपर्यंत मी थांबेन' यांत 'येईपर्यंत' तेच राहते. इंग्रजीत तसे चालत नाही. भविष्याबद्दल बोलत असलो, तरी 'अनटिल'च्या मागोमाग 'विल' येत नाही. तेथे साधा वर्तमानकाळ येतो. 'आय विल वेट अनटिल ही कम्स' बरोबर, 'अनटिल ही विल कम' चूक. काम पूर्ण होण्यावर भर द्यायचा असेल, तर 'अनटिल आय हॅव फिनिश्ड' असा पूर्ण वर्तमानकाळही चालतो. भूतकाळात दोन्ही भाग भूतकाळात जातात : 'आय वेटेड अनटिल ही केम.'

'मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती' या वाक्यात गाडी सुटणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे, म्हणून पहिल्या पायरीचा नियम येथेही लागतो. 'बाय'नंतर वार किंवा तारीख येते. पूर्ण उपवाक्य जोडायचे असेल, तर 'बाय द टाइम' असे म्हणावे लागते. 'बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' मराठीतले 'सुटली होती' आणि इंग्रजीतले 'हॅड लेफ्ट' येथे छान जुळतात, त्यामुळे ही रचना लवकर अंगवळणी पडते.

६. शेवटचा दिवस धरायचा की नाही, हे स्पष्ट लिहा

'आय ॲम ऑन लीव्ह अनटिल १४ मार्च' असे रजेच्या अर्जात लिहिले, तर १४ तारखेला तुम्ही कामावर असाल की नसाल? इंग्रजी मातृभाषा असलेल्या दोन माणसांत यावर दोन मते पडू शकतात, कारण 'अनटिल'नंतर आलेला दिवस आत आहे की बाहेर हे तो शब्द नक्की सांगत नाही. हा दोष तुमच्या इंग्रजीचा नाही, म्हणून तो व्याकरणाने सुटत नाही; वाक्यच बदलावे लागते.

आपल्या कार्यालयांतील जुना प्रघात येथे अतिशय चांगला आहे : 'फ्रॉम ११ टू १४ मार्च, बोथ डेज इन्क्लुसिव्ह.' त्याला 'आय विल रिझ्यूम ड्यूटी ऑन १५ मार्च' हे एक वाक्य जोडले की शंकेला जागा राहत नाही. अमेरिकेतील कार्यालयाशी पत्रव्यवहार असेल, तर तेथे 'मंडे थ्रू फ्रायडे' असे लिहितात आणि त्यात शुक्रवार धरलेला असतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत हा 'थ्रू' तितका रुळलेला नाही, त्यामुळे इतरत्र 'अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे' असे लिहिणे सुरक्षित.

दिवस मोजण्याचा प्रश्न इतका जुना आहे की आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्ये त्यासाठी शब्दच ठरवून दिले आहेत. केंद्रीय कायद्यात कालावधीचा पहिला दिवस वगळायचा असेल, तर 'फ्रॉम' आणि शेवटचा दिवस धरायचा असेल, तर 'टू' हा शब्द वापरणे पुरेसे आहे, असे ते कलम सांगते. ही तरतूद कायद्यांच्या भाषेसाठी आहे, तुमच्या रजेच्या अर्जासाठी नाही. पण कायदा लिहिणाऱ्यांनाही दोन्ही टोकांचे दिवस स्वतंत्रपणे ठरवावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे 'बोथ डेज इन्क्लुसिव्ह' लिहिण्याचा कंटाळा येत नाही.

७. 'आत्तापर्यंत', 'आजपर्यंत'

'टिल नाऊ आय डिड नॉट रिसीव्ह द लेटर' असे वाक्य फार वेळा येते. त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, आत्तापर्यंतच्या काळाशी साधा भूतकाळ जुळत नाही. तेथे 'हॅव नॉट रिसीव्हड' हवे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. इंग्रजीत 'अनटिल नाऊ' म्हटले की बहुधा 'आत्ता मात्र परिस्थिती बदलली' असे ध्वनित होते. पत्र अजून आलेलेच नसेल, तर 'आय हॅव नॉट रिसीव्हड द लेटर यट' असे लिहावे. होकारार्थी वाक्यात 'सो फार' वापरावा : 'वी हॅव रिसीव्हड टेन ॲप्लिकेशन्स सो फार.'

'टिल डेट' हा शब्दप्रयोग भारतीय इंग्रजीत पूर्णपणे रुजलेला आहे आणि देशातल्या देशात तो कोणालाही खटकत नाही. बाहेर जाणाऱ्या पत्रात त्याऐवजी 'टू डेट' लिहावे.

८. जागा आणि संख्या

'अनटिल' हा शब्द वेळेसाठी आहे. 'ही बस पुण्यापर्यंत जाते' याला 'ॲज फार ॲज पुणे' किंवा नुसते 'टू पुणे' पुरते. संख्येला आणि पानांना 'अप टू' : 'अप टू फिफ्टी पीपल', 'रीड अप टू पेज ट्वेंटी'. 'टिल पुणे' आपल्याकडे बोलण्यात चालते, लेखी इंग्रजीत टाळावे.

९. 'टिल' की 'अनटिल'?

अर्थात फरक नाही. 'टिल' हा 'अनटिल'चा संक्षेप आहे अशी समजूत सर्वत्र आहे, पण इंग्रजीच्या इतिहासात 'टिल' हाच अधिक जुना शब्द आहे. त्यामुळे 'टिल' लिहिणे चूक किंवा गावंढळ नाही. मात्र औपचारिक पत्रात आणि वाक्याच्या सुरुवातीला 'अनटिल' अधिक शोभतो. स्पेलिंगमध्ये एक सापळा आहे : 'टिल'ला शेवटी दोन एल आहेत, 'अनटिल'ला एकच. सुरुवातीला अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह लावून एका एलचा 'टिल' लिहिलेलाही दिसतो; तो कार्यालयीन पत्रात नको.

१०. पाठवण्यापूर्वी एकदा तपासा

येथवरच्या पायऱ्या एका छोट्या ईमेलवर लावून पाहू. असा मजकूर मराठी कार्यालयातून निघणे अगदी स्वाभाविक आहे :

'सर, आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे. टिल नाऊ आय डिड नॉट रिसीव्ह द फिगर्स फ्रॉम अकाउंट्स. अनटिल दे डोन्ट सेंड, आय कॅनॉट स्टार्ट.'

पहिल्या वाक्यातील देणे एकदाच होणारे आहे, म्हणून 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात आकडे अजून आलेले नाहीत, म्हणून 'हॅव नॉट रिसीव्हड' आणि 'यट'. तिसरे वाक्य मराठीत 'त्यांनी पाठवेपर्यंत' असे फिरवले की 'डोन्ट' गळतो. शिवाय इंग्रजीत काय पाठवायचे हे सांगणारा 'देम' लागतो, जो मराठीत अध्याहृत असतो. दुरुस्त मजकूर असा :

'सर, आय विल सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे. आय हॅव नॉट रिसीव्हड द फिगर्स फ्रॉम अकाउंट्स यट. आय कॅनॉट स्टार्ट अनटिल दे सेंड देम.'

आता पुढील वाक्यांचे इंग्रजी आधी स्वतः करा आणि मग खाली पाहा.

क) पगार जमा झाल्याशिवाय मी भाडे देऊ शकत नाही.
ख) आम्ही पोचेपर्यंत दुकान बंद झाले होते.
ग) नोकरी असेपर्यंत विमा चालू राहील.
घ) दुरुस्ती बुधवारपर्यंत पूर्ण करा.
च) दुरुस्ती बुधवारपर्यंत चालेल.

क) 'आय कॅनॉट पे द रेंट अनटिल माय सॅलरी इज क्रेडिटेड.' येथे 'शिवाय… नाही' ही जोडी आहे, आणि पगार जमा होणार हे गृहीत असल्यामुळे 'अनलेस' नको.
ख) 'बाय द टाइम वी रीच्ड, द शॉप हॅड क्लोज्ड.'
ग) 'द इन्शुरन्स विल कंटिन्यू ॲज लाँग ॲज यू आर एम्प्लॉइड.' उलगडून 'नोकरी आहे तोवर' असे होते.
घ) 'कम्प्लीट द रिपेअर्स बाय वेन्सडे.'
च) 'द रिपेअर्स विल गो ऑन अनटिल वेन्सडे.' काम चालू राहून थांबणारे आहे, म्हणून येथे 'बाय' येत नाही. ही सूचना इमारतीतील रहिवाशांसाठी लावायची असेल आणि बुधवारीही काम होणार असेल, तर सहाव्या पायरीप्रमाणे 'अनटिल वेन्सडे इव्हनिंग' असे लिहावे.